मीटिओर ३५०: आवाज खाली, बैठक वर (प्रकल्प नोंदी)

२८ सप्टेंबर २०२४: गाडी आहे तशी

रॉयल एनफील्ड मीटिओर ३५०, २०२१ची, दुसऱ्या हाताने घेतलेली. कागदावर गाडी अशी: ३४९ सीसी, एक सिलिंडर, हवा आणि ऑइलने थंड होणारं इंजिन, ६१०० आरपीएमला २०.२ बीएचपी, ४००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर. सीटची उंची ७६५ मिमी, वजन १९१ किलो, टाकी १५ लिटरची, पाच गिअर. या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे जुन्या बुलेटसारखी हातापायांना मुंग्या आणणारी थरथर मुळातच नाही. म्हणजे या गाडीवर माणूस थकत असेल तर कारण इंजिनात शोधायचं नाही.

आल्या आल्या दिसलेल्या गोष्टी:

मूळ सायलेन्सर काढून आखूड, पोकळ, बाजारी सायलेन्सर लावलेला. आत डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारी जाळीची नळी, नाही. मूळ सायलेन्सर गोणीत गुंडाळून सोबत मिळाला, हे नशीब. थ्रॉटल सोडला की मागून फटफट फुटते. मागच्या टायरमध्ये गाडीवरच्या कंपनीच्या स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा ६ पीएसआय जास्त हवा. मागचे दोन्ही शॉकअप वेगवेगळ्या खाचेवर (स्प्रिंग सुरुवातीला किती दाबलेली असावी ते ठरवणारी पायरी), डावा दुसऱ्या आणि उजवा चौथ्या. हँडल पुढे कललेलं. सीटचा फोम मधोमध बसलेला, तासाभरात माकडहाड दुखतं.

काम काय करायचं ते इथेच ठरवलं: गाडी कंपनीच्या आवाजावर आणायची आणि दोघांना दिवसभर बसता येईल अशी करायची. ही दोन कामं वेगळी समजली जातात, पण क्रूझरवर, म्हणजे पाय पुढे ठेवून आरामात लांब चालवायच्या अशा गाडीवर, ती एकच आहेत. आवाजाने येणारा थकवा आणि बैठकीने येणारा थकवा एकमेकांत मिसळतात, आणि माणूस दोन्हींचं खापर सीटवर फोडतो.

चालवणारा ७८ किलो, मागे बसणारी ५८ किलो. पुढची सगळी मापं याच वजनांवर.

५ ऑक्टोबर: मूळ सायलेन्सर परत

आदल्या संध्याकाळी हेडवरच्या एक्झॉस्टच्या नटांवर गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवलं. हे काम रात्रभर मुरल्याशिवाय करू नये. तिथला स्टड, म्हणजे हेडमध्ये बसवलेला आट्यांचा दांडा, गरम-थंड होऊन ठिसूळ झालेला असतो. नट अडला आणि जोर लावला की स्टड हेडमध्ये तुटतो, आणि मग शंभर रुपयांच्या कामाचं हेड उतरवायचं काम होतं. नट सुटायला लागला की एकदम बाहेर काढायचा नाही. पाव आटा सोडवायचा, परत थोडा आवळायचा, पुन्हा ऑइल, असा मागे-पुढे खेळवत काढायचा.

लॅम्डा सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) कनेक्टर आधी सोडवला. बेंड पाइप, म्हणजे हेडपासून सायलेन्सरपर्यंतची नळी, खाली लोंबला आणि वायर ताणली गेली तर सेन्सर जातो, आणि त्याची किंमत पॅकिंगच्या कितीतरी पट आहे.

हेड आणि बेंड पाइपच्या मध्ये एक गोल पॅकिंग असतं. ते एकदा दबलं की दबलं, परत वापरायचं नाही. जुनं पॅकिंग खोबणीत चिकटून बसतं आणि हेडचाच भाग वाटतं, त्यामुळे त्यावरच नवं बसवणारे खूप. टॉर्च मारून बघायचं, लाकडी काडीने किंवा पितळी खिळ्याने उचकटायचं. स्क्रूड्रायव्हर नको, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. नवं पॅकिंग पुण्याच्या नाना पेठेतून आणलं. तिथे एकसारखी दिसणारी पॅकिंगं पुष्कळ मिळतात, म्हणून जुनं हातात घेऊन जायचं आणि बाहेरचा व्यास, आतला व्यास, जाडी अशी तिन्ही मापं व्हर्निअरने जुळवायची. जाडी बघताना एवढं लक्षात ठेवायचं, की जुनं दबलेलं असतं, नवं त्याच्यापेक्षा थोडं जाड असायलाच हवं.

बसवण्याचा क्रम:

१. स्टडवर कॉपर ग्रीसचा पातळ हात.
२. बेंड पाइप, सायलेन्सर, क्लॅम्प, ब्रॅकेट सगळं जागेवर, सगळे नट फक्त बोटांनी.
३. आधी हेडचे दोन नट, आळीपाळीने पाव-पाव आटा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर फ्लँज (पाइपच्या तोंडावरची, नट घेणारी पट्टी) तिरका बसतो आणि एका बाजूने गळती राहते.
४. मग जोडावरचा क्लॅम्प.
५. शेवटी सायलेन्सरचा ब्रॅकेट.

हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी ब्रॅकेट आवळला, तर पाइप ओढून हेडवर आणावा लागतो. तो ताण कायम राहतो. काही हजार किलोमीटरनंतर ब्रॅकेटच्या वेल्डिंगला चीर जाते, आणि मालक खड्ड्यांना दोष देत बसतो.

जोडावर आरटीव्ही सिलिकॉन (ट्यूबमधून येणारं, हवेत घट्ट होणारं रबरी पॅकिंग) फासायची सवय अनेक मेकॅनिकना आहे. लॅम्डा सेन्सरच्या आधीच्या जोडावर ते अजिबात नको. सिलिकॉन तापलं की त्याची वाफ सेन्सरवर बसते आणि सेन्सर मरतो. लागलीच तर एक्झॉस्टसाठीची खास पेस्ट, तीही फक्त मागच्या जोडावर.

इंजिन दहा मिनिटं चालवून पूर्ण थंड होऊ दिलं आणि हेडचे नट पुन्हा तपासले. पॅकिंग पहिल्या तापण्यात दबतं, दोन्ही नट थोडे फिरले. हे दुसरं आवळणं सोडलं की महिन्याभरात टिकटिक सुरू होते.

६ ऑक्टोबर: गळतीची तपासणी

फटफट जवळजवळ गेली, पूर्ण नाही. या आवाजाचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. थ्रॉटल बंद करून गाडी वेगात असताना पाइपमध्ये क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी दाब तयार होतो. जोड सैल असेल तर तिथून हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपमध्येच पेटतं. लोक याला ‘ट्यूनिंग’ समजतात. ती गळती आहे. शिवाय तीच हवा लॅम्डा सेन्सरला लागली की ईसीयूला (इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणाऱ्या संगणकाला) वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि तो विनाकारण पेट्रोल वाढवतो.

साबणाची चाचणी: इंजिन पूर्ण थंड. शाम्पूचं पाणी स्प्रे बाटलीत. एकाने गाडी सुरू करून जाड हातमोजा आणि घडी घातलेलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर अर्धवट दाबायचं, पूर्ण नाही, नाहीतर इंजिन बंद पडेल. दुसऱ्याने प्रत्येक जोडावर पाणी मारून बुडबुडे बघायचे. पहिल्या अर्ध्या मिनिटातच बघून घ्यायचं. पाइप तापला की पाणी उडून जातं आणि काही कळत नाही.

बुडबुडे क्लॅम्पच्या जोडावर, खालच्या बाजूने आले. क्लॅम्पची फट पाइपवरच्या चिरेच्या बरोबर समोर आली होती. क्लॅम्प फिरवून फट बाजूला घेतली, पेस्ट लावली, रात्रभर सुकू दिलं. फटफट बंद.

१२ ऑक्टोबर: दसरा

गाडी धुतली, हार घातला. प्रेशरचा पाइप सायलेन्सरच्या तोंडाकडे धरायचा नाही. धुतल्यावर गाडी किमान १५ मिनिटं खरी चालवायची, उभ्या उभ्या रेस करून उपयोग नाही. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटरच पाणी तयार होतं आणि ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. दूध-भाजीच्या फेऱ्यांमध्ये सायलेन्सर पुरेसा तापत नाही, पाणी आतच साठतं आणि पत्रा आतून सडतो. सायलेन्सरच्या पोटाला खाली बारीक भोक असतं ते याच पाण्यासाठी. ‘इथून आवाज येतो’ म्हणून ते वेल्ड करून बंद केलेले सायलेन्सर आम्ही पाहिले आहेत. करू नये.

१३ ऑक्टोबर: आवाज मोजला

मोजण्याची पद्धत उभ्या गाडीच्या प्रमाणित चाचणीसारखीच ठेवली. माइक सायलेन्सरच्या तोंडापासून ५०० मिमी, तोंडाच्या दिशेशी ४५ अंशांत, तोंडाच्याच उंचीवर. आजूबाजूला तीन मीटरपर्यंत भिंत, गाडी, माणूस नाही. परिसराचा आवाज गाडीपेक्षा निदान १० डेसिबल कमी हवा, म्हणून सकाळी सहाला, मोकळ्या मैदानावर. इंजिन कमाल शक्तीच्या आरपीएमच्या निम्म्यावर धरायचं: ६१०० चे निम्मे ३०५०.

अडचण ही, की मीटिओरला आरपीएमचा काटाच नाही. उपाय फोनमध्ये आहे. चार स्ट्रोकचं एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतं, म्हणजे सेकंदाला आरपीएम भागिले १२० ठोके. ३०५० ला २५.४ हर्ट्झ. आवाजाचा आलेख दाखवणारं अ‍ॅप लावलं की ठरावीक अंतरावर उभे खांब दिसतात. फोनचा माइक २५ हर्ट्झ नीट पकडत नाही, त्यामुळे पहिला खांब शोधायच्या फंदात पडायचं नाही. ५१, ७६, १०२ हे खांब बघायचे. दोन खांबांमधलं अंतर २५.४ झालं की इंजिन ३०५० वर आहे. एकाने आलेख बघत थ्रॉटल धरायचा, दुसऱ्याने आकडा टिपायचा.

तुलनेसाठी आखूड सायलेन्सर परत चढवून आधी तो मोजला, मग मूळचा. फोनचा डेसिबलचा आकडा प्रमाणित नसतो म्हणून तो लिहीत नाही. त्याच फोनवर, त्याच जागी आलेला फरक मात्र भरवशाचा: आखूड सायलेन्सर १३ डेसिबलने मोठा.

१३ डेसिबल म्हणजे आवाजाची शक्ती सुमारे वीसपट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने मूळ सायलेन्सर २२ मीटरवर जेवढा ऐकू येतो, तेवढा हा आखूड १०० मीटरवर येतो. रात्री अकराला गल्लीत शिरणाऱ्या एका गाडीने सगळी आळी का जागी होते, ते या आकड्यात आहे.

कायद्याची बाजू इथेच नोंदवतो. १७५ सीसीवरच्या दुचाकीला बनवताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. पण ती चालत्या गाडीची, ७.५ मीटरवरून मोजलेली. अर्ध्या मीटरवरच्या फोनच्या आकड्याची त्याच्याशी तुलना करून वाहतूक पोलिसांशी वाद घालण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आवाजाच्या प्रदूषणासाठी आहे: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवाना बाद. परवानगीविना गाडीत फेरफार केल्याबद्दल मालकावर कलम १८२अ(४) वेगळं, प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पण आमचा मुद्दा दंडाच्या आधीचा आहे. बाजारी सायलेन्सर मुख्यतः आवाज देतो. २० बीएचपीच्या इंजिनात नुसता सायलेन्सर बदलून चालवताना जाणवेल एवढी शक्ती वाढत नाही, कानाला ती वाढल्यासारखी वाटते. लॅम्डा सेन्सर मिश्रण सावरतो तेही मर्यादेत, आणि पूर्ण थ्रॉटलला ईसीयू साधारणतः सेन्सरकडे बघतच नाही.

आखूड सायलेन्सर भंगारात दिला. विकला तर दुसऱ्याच्या गाडीवर तोच आवाज.

२० ऑक्टोबर: खडखड

एक्झॉस्ट शांत झाला की बाकीचे आवाज वर येतात. गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, एकाने थ्रॉटल हळूहळू वाढवायचा, दुसऱ्याने हातमोजा घालून एकेक भाग दाबून धरायचा. दाबल्यावर आवाज थांबला, तोच दोषी. सायलेन्सरच्या पत्र्यांवर मात्र हात ठेवायचा नाही, तिथे लाकडाचा तुकडा.

सापडलं ते: साडी गार्डचा खालचा बोल्ट, रबर वॉशर गेलेला. नवं रबर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने न सुटणारा). आवाज नको म्हणून साडी गार्डच काढून टाकणारे आहेत. तो काढायचा नसतो. मोटार वाहन नियमांत तो सक्तीचा आहे, आणि ओढणी चाकात गेल्यावर काय होतं हे सांगायची गरज नसावी.

लेग गार्ड ठरावीक वेगालाच गुणगुणायचा. दोन्ही बाजूंचे बोल्ट ढिले करून, गार्ड ताण न येता जागेवर बसवून परत आवळले. गुणगुण गेली. असा आवाज बहुधा ढिलेपणाचा नसतो, वाकवून बसवलेल्या नळीचा असतो.

चेनची करकर: चेन कोरडी, आणि एका ठिकाणी ताठ. चाक हाताने फिरवत चार-पाच जागी ढिलाई मोजायची आणि सगळ्यांत ताठ जागेवर स्टिकरप्रमाणे माप ठेवायचं. ढिल्या जागेवर माप ठेवलं तर ताठ जागा आली की चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते. लूब चेनच्या आतल्या बाजूला, गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना, आणि निदान अर्धा तास मुरू द्यायचं.

९ नोव्हेंबर: हँडल आणि लिव्हर

हँडल मागे फिरवलं, ग्रिपचं टोक ३० मिमी मागे आलं. खांदे खाली आले पाहिजेत आणि कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. क्लॅम्पचे बोल्ट चारही आळीपाळीने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला.

हँडल हलवलं की या तीन गोष्टी न तपासता गाडी रस्त्यावर न्यायची नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकचा होज आणि वायरी ताणत नाहीत ना. दोन्ही टोकांना थ्रॉटल सोडल्यावर टपकन बंद होतो ना. आणि इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण वळवताना आरपीएम वाढत नाही ना. वाढला तर थ्रॉटलची वायर कुठेतरी ओढली जाते आहे, आणि यू टर्न घेताना गाडी आपोआप पळेल.

लिव्हरचा कोन: सीटवर बसून डोळे मिटायचे, हात ग्रिपवर, बोटं सरळ पुढे. ती लिव्हरवर अलगद पडली पाहिजेत, मनगट वर मुडपायला नको. क्रूझरवर हात वरून खाली येत नाहीत, मागून पुढे येतात, म्हणून इतर गाड्यांवरचा खाली झुकवलेला लिव्हर इथे चुकतो. आमचा १० अंश वर घ्यावा लागला. क्लचची ढिलाई लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिमी.

१० नोव्हेंबर: मागचे शॉकअप

सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहे. खाच वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी किती खाली बसून सुरुवात करते ते बदलतं. खाच फार वर असेल तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही, खड्ड्यात चाक जमीन सोडतं आणि परत आपटतं. खाच फार खाली असेल तर मोठ्या स्पीड ब्रेकरला शॉकअप तळाला लागतो. दोन्ही धक्के पाठीला सारखेच वाटतात, म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजणी: मेन स्टँडवर मागचं चाक हवेत. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर चिकटपट्टीची खूण, अंतर अ. मग गाडी चाकांवर, चालवणारा पूर्ण पोशाखात, दोन्ही पाय फूटरेस्टवर, एकाने समोरून हँडल धरलेलं. दोन-तीन वेळा दाबून सोडायचं, अंतर ब. अ वजा ब म्हणजे बसका. तो शॉकअपच्या एकूण हालचालीच्या पाव ते एकतृतीयांश हवा.

एकट्याला दुसरी खाच बरोबर आली. दोघांना आणि मागच्या बॅगेसह पाचवी. सहावीला बसका फारच कमी आला. दोन्ही बाजू सारख्याच, सी-पाना टूलकिटमधला.

पुढे १३० मिमी हालचाल आहे, म्हणजे बसका ३३ ते ४३ मिमीमध्ये हवा. फोर्कच्या नळीला झिप टाय बांधून मोजला, ३८ आला. पुढे हात लावला नाही.

मागे माणूस बसवून खाच तशीच ठेवली तर गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. खाच बदलली की रात्री भिंतीवर उजेड बघून घ्यायचा.

हवा: गाडी रात्रभर उभी असताना, स्वतःच्या गेजने, स्टिकरच्या आकड्याला. तापमान ५ ते ६ अंशांनी बदललं की साधारण १ पीएसआय फरक पडतो. पंपावर टायर गरम असताना ‘जास्त दिसते’ म्हणून हवा काढली तर सकाळी कमी निघते. जास्तीचे ६ पीएसआय काढले एवढ्यानेच मागचा अर्धा कडकपणा गेला. सीटवर एक रुपया खर्च करण्याआधी हे करावं.

१६ आणि १७ नोव्हेंबर: सीट

क्रूझरवर पाय पुढे असतात. त्यामुळे खड्डा आला की पायांवर उठून धक्का चुकवता येत नाही, सगळा भार बैठकीवरच. त्यात सीट मागे उतरती असेल तर कंबर मागे गोल होते आणि भार बसण्याच्या दोन हाडांवरून सरकून माकडहाडावर येतो. फोम मऊ करून हे दुखणं जात नाही, वाढतं, कारण माणूस आणखी रुततो.

आधी दोन हाडांमधलं अंतर घेतलं. सपाट लाकडी स्टुलावर नालीदार पुठ्ठा, त्यावर पातळ पँट घालून दोन मिनिटं बसायचं, पाय किंचित पुढे. पुठ्ठ्यात दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ११८ मिमी आलं. हीच जागा भार घेणार, तिच्या मधली जागा रिकामी ठेवायची.

कव्हरच्या पिना सपाट स्क्रूड्रायव्हरने उचकटल्या. कव्हर परत वापरायचं असेल तर ओढायचं नाही, एकेक पिन काढायची. फोमवर मार्करने मध्यरेघ, आणि प्रत्यक्ष बसून हाडांच्या जागा. बसलेला भाग नव्या हॅकसॉ ब्लेडने कापला, खोली २५ मिमी.

त्याजागी खाली १० मिमी रिबॉन्डेड फोम (तुकडे दाबून चिकटवलेला, कडक), घनता ९० ते १०० किलो प्रति घनमीटर. वर ३० मिमी एचआर फोम (दाबल्यावर लगेच उसळणारा), घनता ५०. मागच्या बाजूला १२ मिमीची पाचर, पुढे येत शून्य होणारी, म्हणजे कंबर गोल होत नाही. माकडहाडाखाली खोबण, ५५ मिमी रुंद, १८ मिमी खोल, मागे उघडी. घनता आणि कडकपणा एकच नाहीत. दुकानदाराला घनतेचा आकडा सांगायचा, पण तुकडा गुडघ्याखाली दाबून बघूनच घ्यायचा. गुडघा तळाला टेकला तर तो नको.

मेमरी फोम घेतला नाही. तो उष्णतेने मऊ पडतो, आणि मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीवर त्याचा आधारच उरत नाही. जेल पॅड उन्हात तापतो आणि तापलेलाच राहतो.

चिकटवायला रबराचा गोंद, दोन्ही बाजूंना पातळ हात, आठ-दहा मिनिटं सुकू देऊन मग दाबायचं. हाडांच्या जागेवर गोंदाची कड येऊ द्यायची नाही. गोंद सुकला की त्याची कडक रेघ होते आणि ती दीड तासाने टोचायला लागते. कडा ४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून उतरत्या केल्या, तोंडाला मास्क.

कव्हर रेक्झिनचं, शिवण बसण्याच्या जागेबाहेर बाजूला घेतली आणि आतून टेप लावला. पावसाचं पाणी सीटमध्ये शिवणीतून जातं आणि फोम ते आठवडाभर सोडत नाही. पिना ६ मिमीच्या. त्याहून लांब पिन पातळ बुडातून आरपार निघते. कव्हर ताणायच्या आधी अर्धा तास उन्हात ठेवलं, आधी पुढचं टोक, मग मागचं, मग बाजू. बाजू आधी ताणली की खोबणीवर कव्हर तंबूसारखं उभं राहतं आणि खोबण वाया जाते.

सीटची उंची ८ मिमीने वाढली. दोन्ही टाचा अजून टेकतात.

२४ नोव्हेंबर: वारा

महाराष्ट्रात क्रूझरला मोठमोठे रस्ते बंद आहेत. मुंबई–पुणे द्रुतगती, समृद्धी आणि अटल सेतू, तिन्हींवर दुचाकीला मनाई. उरतात राष्ट्रीय महामार्ग आणि घाट, म्हणजे खरा वेग ७० ते ९०. गाडी त्याच वेगाला बसवायची, ११० ला नाही.

७० च्या आसपास हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज इंजिनाच्या वर जातो. मूळ सायलेन्सरच्या गाडीवर तरी दिवसभराच्या थकव्याचा मोठा वाटा याचाच. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेचं माप असं: ८५ डेसिबल आठ तास, पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा, १०० ला १५ मिनिटं. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत ९० च्या वर आकडा सहज जातो.

हँडलसमोरच्या, वारा अडवणाऱ्या काचेची उंची हाताने ठरवली. सपाट रस्त्यावर ७० ला मागे बसणारीने हात चालवणाऱ्याच्या हेल्मेटशेजारी धरून हळूहळू वर-खाली केला. शांत हवा कुठे संपते आणि थरथरती कुठे सुरू होते ते तळव्याला स्पष्ट कळतं. आमच्या गाडीवर थरथर नेमकी हेल्मेटच्या हनुवटीवर येत होती. याहून उंच काच लावायची गरज नव्हती, कोन १० अंश मागे घेतला आणि काचेच्या खाली २० मिमी फट ठेवली. काचेमागे दाब कमी होतो म्हणून हवा वरून आत कोसळते, खालच्या फटीतून थोडी हवा दिली की ते कोसळणं मंदावतं. थरथर छातीवर उतरली, तिथे त्रास नाही. चालवणाऱ्याची नजर काचेच्या कडेच्या ३० मिमी वरून जाते, आणि असंच हवं. पावसात ओरखडे पडलेल्या काचेतून बघून रात्री गाडी चालवता येत नाही.

काचेचे स्क्रू रबर वॉशरवर, हाताने बेताचे. अ‍ॅक्रिलिकच्या काचेला पेट्रोल किंवा चेन लूब लागलं की भोकापासून चिरा निघतात.

कानात फोमचे बोळे. बोळा बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सारून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट ठेवायचं. नुसता टोचून ठेवलेला बोळा काही कामाचा नाही. हॉर्न ऐकू येतो, कारण वारा आणि हॉर्न दोन्ही खाली येतात. इयरफोन हा यावरचा उपाय नाही, तो आवाजात आवाज वाढवतो.

१ डिसेंबर: दोघांनी, पुणे–सातारा–कास आणि परत

शॉकअप पाचव्या खाचेवर, मागे सामानाची १० किलोची बॅग. खंबाटकी घाटात तिसरा आणि चौथा गिअर, फटफट नाही. साताऱ्यापर्यंत चालवणाऱ्याला न थांबता बसता आलं, माकडहाड शांत. कास पठारावर जाणाऱ्या अरुंद चढावर मागच्या बसणारीचे पाय बधिर झाले: तिच्या सीटची पुढची कड मांडीखाली रुतते. तिच्या फूटरेस्टचा काही प्रश्न नाही, कडेचा आहे.

परतीत एक बारीक चरचर, फक्त ब्रेक सोडल्यावर. पुढच्या ब्रेकच्या पॅडवर धूळ. पॅड काढून साफ केले, पिनेला ब्रेकचं ग्रीस.

१५ डिसेंबर

मागच्या सीटची पुढची कड १५ मिमी गोल केली, तोच एचआर फोम, कव्हर जुनंच. चालवणाऱ्याच्या सीटचा फोम २ मिमी बसला, खोबण अजून उघडी आहे.

हेडचे नट, क्लॅम्प, ब्रॅकेट, लेग गार्ड, हँडल क्लॅम्प सगळे टॉर्क रेंचने तपासले. ब्रॅकेटचा एक बोल्ट अर्धा आटा फिरला, बाकी जागेवर. क्लॅम्पवर काजळीची रेघ नाही, म्हणजे गळती नाही. सायलेन्सरच्या भोकात तार घालून बघितली, मोकळं आहे.

बाकी: मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झिजायला लागलेत. चाकाची सरळता अ‍ॅडजस्टरच्या खुणांवर न ठेवता स्विंगआर्मच्या पिव्हटपासून अ‍ॅक्सलपर्यंत दोन्ही बाजूंना मोजून घ्यायची. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलायचे, जानेवारीत.